नावं गेली, अर्थ राहिले

बॅकअपच्या एका सॉफ्टवेअरशी मी जवळजवळ वर्षभर भांडले. लोक म्हणतात, यंत्राशी कसलं भांडायचं, ते थोडंच ऐकतं? मी म्हणते, ऐकत नाही म्हणूनच भांडायचं. ऐकणाऱ्याशी झालेलं भांडण दोन दिवसांत मिटतं, त्यात काय मजा.

आमचं घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत. घरात दोनच माणसं, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलेलं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला विचारावंसं वाटायला नको. आई गेली तसे अण्णा लासूर स्टेशनाजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि शाळा सुटली की शेतात. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर त्यानं आमच्याकडे आणून टाकला होता. मी त्यावर प्रश्नपत्रिका काढायची, एवढाच त्याचा उपयोग.

एकदा दिवाळीत भावाची मुलगी आली होती. अण्णा तिला म्हणाले, "माय, माझी दस्ती दे बरं तेवढी." तिनं चष्मा आणला, काठी आणली, मोबाईल आणला. दस्ती म्हणजे खांद्यावर टाकायचा रुमाल, हे त्या पोरीला कळणार कसं? तिच्या आईबापानं तो शब्द कधी घरात आणलाच नव्हता. अण्णांनी शेवटी स्वतःच उठून दस्ती घेतली. संध्याकाळी मला म्हणाले, "मला त्या डब्यावर लिहायला शिकव. आपले शब्द लिहून ठेवतो. नाय तर माझ्याबरोबर सरणावर जातील."

मी शिकवलं. एका बोटानं का होईना, ते झकास मराठी टाइप करायला लागले. काम कसं करायचं ते मात्र त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी प्रत्येक शब्दाला स्वतंत्र फाईल केली. फाईलीचं नाव म्हणजे तो शब्द, आणि आत फक्त त्याचा अर्थ. दस्ती नावाची फाईल उघडली की आत दोन ओळींत रुमालाचं वर्णन. बळद वेगळी, पेरणीची तिफण वेगळी, तिच्यातून बी सोडायचं चाडं आणखी वेगळं. मी म्हटलं, "अण्णा, एकाच फाईलीत सगळे शब्द एकाखाली एक लिहा की." ते म्हणाले, "ज्वारी, तूर, हरभरा एका पोत्यात भरतं का कुणी?" मी म्हटलं, "मग निदान आतमध्येही एकदा शब्द लिहा." त्यावर मास्तरांचं उत्तर तयार होतं. "धड्याचं नाव वर एकदाच असतंय. आत कामून परत?" वाद घालण्यात मी कमी नाही, पण ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यापुढे कधीकधी गप्प बसावं लागतं.

फाईली वाढत गेल्या. हजारावर गेल्या, मग आणखी कितीतरी. अण्णा रस्त्यानं फिरायला गेले की भाजीवाल्या बाईकडून, बांधकामावरच्या मजुराकडून एखादा शब्द घेऊन यायचे, आणि चप्पल काढायच्या आधी कॉम्प्युटर लावायला सांगायचे.

मग त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय वाचले, पण बोलणं अडायला लागलं. शब्द जिभेपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. समोर तांब्या दिसायचा आणि त्याचं नाव सापडायचं नाही. चिडून खाटेच्या कडेवर हात आपटायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. आम्ही काय काय करून पाहिलं. शेवटी अण्णांनी आपलं औषध आपणच शोधलं. सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरपुढे बसायचं, फोल्डर उघडायचा आणि फाईलींची नावं मोठ्यानं वाचत जायचं. "रुमणं. शिवळ. येठण. थारोळं." आधी अडखळत, मग सलग. महिन्याभरात ते दूधवाल्याशी पाण्यावरून भांडायला लागले, तेव्हा माझी खात्री पटली की औषध लागू पडलंय.

म्हणून सांगते, त्या फाईली म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा वेळ घालवायचा उद्योग नव्हता. अण्णांची जीभ त्या डब्यात होती. ती गेली असती तर ते परत मुके झाले असते.

भावाला हे कळत होतं, आणि म्हणूनच त्यानं बॅकअपचा आग्रह धरला. एवढं श्रेय मी त्याला देते. त्यानं बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क पाठवली आणि एक परदेशी सॉफ्टवेअर विकत घेऊन दिलं. "एकदा बसव आणि विसरून जा," असं फोनवर म्हणाला. मी बसवलं. विसरले नाही. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की ते आपोआप चालू व्हायचं, आणि मी समोर बसून बघायची.

अण्णांना त्याचं भारी कौतुक. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकायला लागला की ते कूलर बंद करायला सांगायचे, त्याला वीज कमी पडू नये म्हणून. मी विज्ञानाची बाई, मी किती समजावलं, पण नाही. आम्ही दोघं घामाघूम होऊन त्या दिव्याकडे बघत बसायचो. शेवटी पडद्यावर हिरवी बरोबरची खूण यायची आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं की बॅकअप यशस्वी झाला. अण्णा म्हणायचे, "झालं, पेवात पडलं." पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. पेवातलं धान्य दुष्काळातही पुरतं, असा त्यांचा भरवसा. मग कूलर लागायचा.

वैशाखात एका दुपारी वीज सारखी जात-येत होती. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून टक् टक् आवाज यायचा आणि पडदा काळा. मी मुळीच घाबरले नाही. शेजारणीनं हळहळ केली तेव्हा तिलाच धीर दिला. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून नवी डिस्क बसवून आणली, बाहेरची डिस्क जोडली आणि सगळं परत आणायचं बटण दाबलं. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. बराच वेळ ती पट्टी सरकत राहिली आणि शेवटी तीच हिरवी खूण आली.

माझ्या प्रश्नपत्रिका आल्या. मी त्यांना नाव म्हणून इंग्रजीत इयत्ता आणि विषय लिहायची. भावानं पाठवलेले महाबळेश्वरचे फोटो आले. मोबाईलवरून कधी तरी उतरवून ठेवलेली शुभ सकाळची गुलाबाची फुलं, दव पडलेली, न पडलेली, एकूण एक सुखरूप परत आली. अण्णांचा 'शब्द' नावाचा फोल्डर मात्र कुठंच नव्हता. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, परत सगळं केलं, तरी नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं हाय?"

मग मी त्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरले. एक खिडकी, तिच्या आत दुसरी, त्या दुसरीत एक बारीक राखाडी ओळ: काही फाईली वगळल्या, कारण नावात न चालणारी अक्षरं आहेत. पहिल्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत दर वेळी ही ओळ तिथं होती, आणि दर वेळी तिच्या वर हिरवी खूण होती.

न चालणारी अक्षरं. म्हणजे क, ख, ग. माझ्या बापानं हजारो पोरांना ज्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला शिकवलं, ती या दीडशहाण्याला चालत नव्हती. आणि चालत नाहीत तर तोंडावर सांगायचं ना! पाहुण्याला जेवायला बसवायचं, पान वाढायचं नाही, आणि वर ढेकर द्यायला लावायचा, असला प्रकार झाला. मला रडू आलं असतं, पण राग आधी आला. आधी आला ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा हिंदीतून बोलायला लागला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, फाईलों के नाम इंग्लिश में रखने चाहिए थे. मी म्हटलं, हे तुमच्या डब्यावर कुठं लिहिलं होतं? तो म्हणाला, आता यापुढे ठेवा. मी विचारलं, तुझं नाव इंग्रजी आहे का? तो म्हणाला, नाही. मग तुला का कुणी वगळलं नाही, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, थोडं होल्ड करा. आणि परत गाणं लागलं.

इंटरनेटवर त्या कंपनीचं एक पान होतं, तिथं वापरणारे आपले अनुभव लिहीत. मी सगळे वाचून काढले. तमिळ बोलणाऱ्या एका बाईच्या लेकीची चित्रं अशीच गेली होती, पोरीनं प्रत्येक चित्राला तमिळमधून नाव दिलं होतं. एका बंगाली माणसाची नाटकं गेली होती. प्रत्येकाच्या खाली कंपनीचं एकच उत्तर: नावं इंग्रजीत बदला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

भाऊही तेच म्हणाला. "झालं ते झालं. आता अण्णांना पुन्हा करायचं असेल तर इंग्रजी नावं द्या. वर्ड वन, वर्ड टू. अर्थ आत मराठीत लिहा ना, कोण नको म्हणतंय." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मी म्हटलं, "अण्णांनी आपल्या भाषेत नाव दिलं ही त्यांची चूक का?" तो म्हणाला, "चूक कुणाची हा प्रश्न नाहीये." हाच प्रश्न होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर व्यवहार शिकवायचा, हे मी आमच्या घरात चालू देणार नव्हते. मी सांगितलं, "एकाही फाईलीचं नाव इंग्रजीत होणार नाही. आणि परत व्यवहाराचं बोललास तर मी फोन ठेवीन." तो परत बोलला. मी फोन ठेवला.

अण्णा हे सगळं खाटेवरून ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत. बोलत नव्हते की बोलता येत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी माझा अनुभव त्या पानावर लिहिला. मराठीत लिहिला. इंग्रजी मला उत्तम येतं, इंग्रजी माध्यमाच्या वर्गालाही मी शिकवते. येत नाही म्हणून नव्हे, येतं म्हणूनच मी लिहिणार नव्हते. कंपनीकडून निरोप आला की कृपया इंग्रजीत लिहावं, म्हणजे आम्हाला मदत करता येईल. मी पुढच्या रविवारी परत मराठीत लिहिलं, आधीच्यापेक्षा लांब. दर रविवारी दुपारी, बॅकअपची जी वेळ होती त्याच वेळी, मी बसायची आणि लिहायची. श्रावणाच्या सुमाराला त्या तमिळ बाईनं माझ्या खाली तमिळमधून काहीतरी भलंमोठं लिहिलं. मला एक अक्षर समजलं नाही, पण रोख समजला. मग बंगाली गृहस्थांनी बंगालीत सुरुवात केली. बघता बघता त्या पानावर कर्णपुऱ्याच्या जत्रेसारखी गर्दी झाली.

पण भांडून अण्णांची फाईल एकही परत येत नव्हती, हे मला कळत होतं. जळकी डिस्क मी पैठण गेटाजवळच्या एका दुकानात दिली होती. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतो अशी त्यांची पाटी होती. बरेच दिवस वाट पाहिल्यावर त्यांचा फोन आला. मी शाळेतून तशीच गेले. दुकानदार म्हणाले, "आपा, माल तो निकला. सब निकला. पन नामां उड गए." डिस्कमधला फाईलींची नावं साठवणारा भागच खराब झाला होता. फाईली होत्या, त्यांच्या आतला मजकूर होता, फक्त नावं नव्हती. त्यांच्या यंत्रानं प्रत्येक फाईलीला इंग्रजीतून एक नंबर देऊन टाकला होता. म्हणजे कंपनीला पाहिजे होतं, भावाला पाहिजे होतं, नेमकं तसंच झालं. मी दुकानात उभी राहून हसले. दुकानदारांनी पाणी मागवलं.

घरी येऊन अण्णांना बसवलं आणि पहिली फाईल उघडली. आत अर्थ होता: "भिंतीच्या पोटात ठेवलेली धान्याची पोकळी. वरून भरायची, खालून काढायची." शब्द नव्हता, कारण धड्याचं नाव फक्त वर होतं आणि वरचं जळालं होतं. अण्णा ओळीकडे बघत राहिले. ओठ हलले. "हे... ते..." म्हणाले आणि थांबले. मला शब्द माहीत होता. मी म्हटलं, "बळद." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटातला घास उचलला. दुसऱ्या फाईलीलाही तेच झालं. तिसऱ्याला त्यांनी हात आपटला, उठले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ते कॉम्प्युटरपुढे बसेनात. पावसाळाभर त्यांचं बोलणं आटत गेलं. दूधवाला दुधात पाणी घालून निवांत जायला लागला, त्याला कुणी बोलेना. मला त्या शांततेची भीती वाटायची. मला कशाचीच भीती वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दिवसांत आमच्या घरी यायला हवं होतं.

काही शब्द मी ओळखले, पण माझा शब्दांचा साठा तो किती! मी शिक्षणापासून शहरात राहिलेली मास्तरीण. औताच्या कुठल्या दोरीला काय म्हणतात हे मला कुठलं सांगता येणार?

थंडीत गावाहून आत्याचा निरोप आला. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ज्वारी हुरड्यात आली होती, या म्हणाली. अण्णा नको म्हणून मान हलवत होते. मी ऐकलं नाही. सगळ्या फाईली मोबाईलवर घेतल्या, त्यांना स्वेटर चढवला, आणि लासूर स्टेशनपर्यंत एसटीनं, पुढं जीपनं नेलं.

शेतात आगटी पेटवलेली होती. आगटी म्हणजे हुरडा भाजायची खड्ड्यातली शेकोटी. कणसं राखेत जात होती, कुणी चोळून दाणे काढत होतं, खोबऱ्याची चटणी फिरत होती. आत्या, तिच्या सुना, शेजारच्या बायका, दोन-तीन म्हातारे, अशी भोवती माणसं बसली होती. अण्णांना मधोमध बाजेवर बसवलं होतं, पण ते कुणाशी बोलत नव्हते. लोकही त्यांच्याशी जरा जास्तच हळू बोलत होते, आजाऱ्याशी बोलतात तसे. मला ते सहन होईना. मी मोबाईल काढला आणि मोठ्यानं म्हटलं, "एक कोडं घालते, सांगा. घरी समद्या भाकरी थापून झाल्या, परातीत थोडं पीठ उरलं, त्याची लेकरासाठी केलेली बारकी भाकर."

"चानकी!" तीन बायका एकदमच ओरडल्या.

मी नंबर खोडला आणि तिथंच फाईलीला नाव दिलं. मग दुसरी वाचली. "एकाच्या रानात समद्यांनी फुकट राबायचं, त्यानं फक्त जेवू घालायचं."

"इर्जिक," एक म्हातारे म्हणाले. "आता कोण राबतंय फुकट? फोटो काढायला येतेत नुसते."

"विहिरीवर मोटंचं पाणी ज्या दगडी कुंडात पडतंय ते."

इथं वाद लागला. सुनांना काहीच माहीत नव्हतं, एक म्हातारे एक म्हणाले, दुसरे दुसरं. आवाज चढले. तेवढ्यात बाजेवरून खरखरीत आवाज आला, "थारोळं!" सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा त्या दोघांकडे रागानं बघत होते. "थारोळं हाय ते. तुमी समदे येडे का काय? जलमभर मोट हाकली अन्..." पुढचा शब्द अडला. त्यांनी हातानं हवेत काहीतरी फेकल्यासारखं केलं आणि हसले. आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि आपल्या दादाला चटणी वाढली.

त्या दिवशी हुरडा संपला तरी माणसं हलली नाहीत. मी अर्थ वाचायचा, बायकांनी ओरडायचं, म्हाताऱ्यांनी भांडायचं, आणि शेवटी अण्णांनी निकाल द्यायचा. कधी तोंडानं, कधी नुसती मान हलवून. चुकीचा शब्द ऐकला की त्यांच्या तोंडून बरोबरचा बाहेर पडायचा, नुसतं विचारून कधीच पडत नव्हता. इतके महिने मी त्यांना परीक्षेला बसवत होते. त्यांना पेपर सोडवायचा नव्हता, तपासायचा होता. मास्तरच ते!

मग आम्ही परत परत गेलो. पडेगावला असलो की आत्या फोन करायची आणि अण्णांशी नांगराच्या लाकडावरून भांडायची. तिला सगळं माहीत होतं. ती मुद्दाम चुकायची, अशी मला शंका आहे. फाईलींना नावं येत गेली, नंबर कमी होत गेले. नव्यानं नाव दिलेल्या प्रत्येक फाईलीच्या आतही मी शब्द लिहिला, अण्णा काहीही म्हणोत. सगळ्याच्या तीन प्रती मी वेगवेगळ्या डिस्कवर स्वतःच्या हातानं केल्या आणि प्रत्येक डिस्क उघडून डोळ्यांनी पाहिली. हिरव्या खुणेवर आता माझा काडीचा विश्वास नाही.

शेवटी उरलेल्या फाईलींत एक चिवट निघाली. तिच्यात अण्णांनी लिहिलं होतं: "जिच्या तोंडी लागायला अख्खं गाव भितं अशी बाई. शिवी हाय. पण म्हणताना आतून कौतुक असतं." आम्ही ते कोडं गावात सगळ्यांना घातलं. खमकी म्हणून झालं, कजाग म्हणून झालं, फटकळ, वस्ताद, खवट, जे जे येईल ते. अण्णा प्रत्येकाला "नाय" म्हणायचे. "तो नाय. तो... जुना. निजामाच्या वक्ताचा." डोळे मिटून बसायचे, ओठ हलायचे, आणि थकून मान टाकायचे. आत्याच्या मुद्दाम चुकण्याचाही उपयोग झाला नाही. भाऊ म्हणाला, "एका शब्दानं काय अडतंय?" मी म्हटलं, "तुझं नाही अडत."

गुढीपाडव्याला भाऊ एकटाच आला होता. दुपारी जेवणं होऊन आम्ही बसलो होतो. अण्णा खाटेवर शेंगा फोडत होते. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. या वेळी होल्डवर ठेवणारा मुलगा नव्हता, कुणी मोठा साहेब होता आणि फार गोड बोलत होता. त्या पानावर फार वेगवेगळ्या भाषांतल्या तक्रारी झाल्यात, म्हणाला, लोक नाराज होतायत. मी माझं लिखाण काढून टाकलं तर सॉफ्टवेअर मला जन्मभर फुकट. मी विचारलं, "मराठी नाव चालेल?" तो म्हणाला, पुढे कधी तरी त्याचा विचार होईल. मी म्हटलं, "मग पुढे कधी तरी काढीन."

भाऊ खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण. मी नाही म्हणून मान हलवली. तो उठून माझ्याजवळ आला आणि फोनसाठी हात पुढं करून कुजबुजला, "मला दे, मी बोलतो. इतकं ताणायचं नसतं. तू विनाकारण..." मी फोन मागे घेतला. तो वैतागून वळला. "अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला!"

अण्णांनी शेंगेचं टरफल खाली टाकलं. वरही पाहिलं नाही.

"तिच्या नादी लागू नकोस, बाबा," ते म्हणाले. "लई जहांबाज हाय ती."

आम्ही तिघंही थांबलो. अण्णांचा हात शेंगेवर तसाच राहिला. मग त्यांनी हळूच वर पाहिलं आणि परत म्हटलं, या वेळी भावाला नाही, मला नाही, स्वतःलाच. "जहांबाज." न अडखळता, अक्षर न् अक्षर मोकळं.

फोनवर साहेब हॅलो हॅलो करत होते. मी त्यांना म्हटलं, "थोडं होल्ड करा." फोन टेबलावर ठेवला, कॉम्प्युटर लावला, ती फाईल शोधली आणि तिचा नंबर खोडून नाव टाइप केलं. आत अर्थाच्या खाली अण्णांचं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं. अण्णा खाटेवरून उठून, भिंत धरत धरत माझ्या मागं येऊन उभे राहिले, वाकून ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाले, "बरोबर हाय."